खोक्यातली ऊब

माझ्या सासूबाईंचं नाव गोजरबाई. मी त्यांना आत्या म्हणते. मोहोळच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की चार-पाच घरांची आमची वस्ती लागते. घरामागं जाळीच्या भिंतींचं, पत्र्याचं एक शेड आहे. आत्यांची गेली काही वर्षं त्या शेडातच गेली.

आधी हे शेड नव्हतं. माझे सासरे, भारतमामा, मोहोळ स्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. उन्हाळा म्हणजे त्यांच्या कामाचे दिवस. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या आणि लोक दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. कोरोनाची दुसरी लाट आली ती नेमकी तेव्हाच. पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस सुरू झाली तशी आत्यांनी जाऊन घेतली आणि मामांच्या मागं लागल्या.

"एक दिस दुकान बंद ठिवलं तर काय हुतंय?"

"हातातल्या मोटारी दिऊ दे. फुडच्या हप्त्यात जातो की," मामा म्हणाले.

पुढच्या हप्त्यात ते सोलापूरच्या दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. एक दिवस तिथल्या एका कर्मचाऱ्यानं आपला फोन मामांच्या उशाशी धरला. आत्या इकडं अंगणात बाजेवर बसून बोलत होत्या. मामांना बोलता येत नव्हतं. मास्कच्या आतून नुसता श्वास ऐकू येत होता. ओली घरघर यायची, मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. आत्यांनी त्यांना घरचं सगळं सांगितलं. युवराज, म्हणजे माझा नवरा, दुकान उघडतोय, म्हैस व्याली, शेजारच्या बोअरला पाणी लागलं. म्हैस व्यालेली नव्हती, बोअरचं काम तर सुरूच झालं नव्हतं. मी शेजारीच उभी होते. मग फोन तिकडून बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी मामा गेले.

त्यानंतर आत्यांना शांतता सोसेना. दुपारी सगळीकडं सामसूम झाली की त्या रेडिओ मोठा करायच्या, नाहीतर उगीच भांडी घासायला काढायच्या. माझं माहेर अकलूजचं. तिथं माझ्या चुलत्यांनी अंड्यांसाठी गावरान जातीच्या कोंबड्या पाळल्या आहेत. एकदा मी आत्यांना तिकडं घेऊन गेले. त्या चुलत्यांच्या शेडात बराच वेळ उभ्या राहिल्या. पक्ष्यांचा नुसता कालवा चालला होता. येताना गाडीत म्हणाल्या, "आपल्याकडं बी आसं पायजे." महिन्याभरात युवराजनं शेड उभं केलं.

कोंबड्यांचं सगळं आत्यांनी शिकून घेतलं, पण त्यांचा जीव होता तो लशीत. मोहोळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या सबिहा डॉक्टर आमच्याकडं यायच्या. वयानं माझ्याएवढ्याच, स्कूटीवर मागं बर्फाचा डबा बांधून फिरणाऱ्या. पिल्लाला डोळ्यात थेंब कसा टाकायचा ते त्यांनीच दाखवलं. पिल्लू मुठीत धरायचं, मान किंचित कलती करायची, एक थेंब डोळ्यात सोडायचा आणि ते डोळा मिटेपर्यंत सोडायचं नाही. लशीच्या पाण्यात निळा रंग असतो. थेंब आत उतरला की पिल्लाची जीभ निळी होते. आत्या प्रत्येक पिल्लाची चोच उघडून जीभ बघायच्या. एवढं करायची गरज नाही, असं डॉक्टर सांगायच्या.

"एखादं ऱ्हायलं तर?" आत्या म्हणायच्या.

राहिलेलं ते एखादं कोण, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पिल्लांच्या पहिल्या दोन लॉटांना काही झालं नाही. अंडी मोहोळला आणि सोलापूरला जायची. आत्यांचा रेडिओ बंद झाला. तिसरा लॉट आला तो गेल्याच्या गेल्या साली, थंडीत. चारशेच्या आसपास पिल्लं होती. पहिल्या आठवड्यातच आत्यांनी त्यांना लस दिली, मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, आणि आयबीची एकत्र. आयबी म्हणजे कोंबड्यांच्या श्वासनळीचा आजार. एकाला झाला की वाऱ्यासारखा सगळ्या शेडात पसरतो. त्या दिवशी पिल्लं मी धरून देत होते. सगळ्यांच्या जिभा निळ्या झाल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चार-पाच दिवसांनी, दिवेलागणीला, आत्या शेडातून बाहेर आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

"ऋतुजा, हिकडं ये. तुला काय ऐकू येतंय का बग."

मी आत गेले. दिवसभर पिल्लांच्या चिवचिवाटात काही कळत नाही. अंधारून आलं, ती बल्बखाली गोळा होऊन गप्प झाली, की मग ऐकू येतं. आधी एक बारीक शिंक आली. मग दुसरीकडून एक. आणि त्या शिंकांच्या खाली, जमिनीलगत, ओली घरघर. एका पिल्लाची असती तर ऐकूही आली नसती. शेकडोंची मिळून ती एकच वाटत होती, एखाद्या मोठ्या छातीतून निघाल्यासारखी.

मी बाहेर आले. आत्या दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्योच हाय."

"आत्या, पिल्लांना सर्दी झाली असंल."

"मला सांगू नगंस. मी फोनवर ऐकलाय."

सबिहा डॉक्टरांना वाटलं, लस दिल्यावर दोन-तीन दिवस पिल्लं शिंकतात, तसंच असेल. पण शिंका वाढत गेल्या. पिल्लांचे डोळे पाणावले, ती चोची उघडून, माना लांब करून श्वास घ्यायला लागली. डॉक्टरांनी मेलेली पिल्लं उघडून पाहिली, नमुने पुण्याला पाठवले. आम्ही बल्ब वाढवले, शेडाच्या वाऱ्याच्या बाजूला पोती बांधली, पाण्यातून औषधं दिली. आत्या दिवसा सगळं करायच्या. दिवेलागण झाली की मात्र त्या शेडाकडं फिरकायच्या नाहीत. घरात येऊन रेडिओ लावायच्या, पुन्हा पहिल्यासारखा मोठा.

युवराजनं मोबाइलवर कुठंतरी वाचलं. जेवताना तो म्हणाला, "आई, ह्यो कोंबड्यांचा कोरोनाच हाय म्हणं."

 दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या तेव्हा आत्यांनी पहिला प्रश्न तोच केला.

सबिहा डॉक्टरांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कुळ एकच आहे, मावशी. पण हा कोंबड्यांचा आहे, माणसाला होत नाही. आणि त्या कोरोनाच्या किती तरी आधीपासून आहे."

"मग लस दिली हुती की. माज्या हातानं दिली."

"दिली होती. चांगली दिली होती. पण हा विषाणू बदलत राहतो. त्याच्या जाती आहेत. आपण दिलेली लस जुन्या जातीची. ही नवी निघाली तर त्या लशीला ती नीट ओळखू येत नाही."

आत्यांनी एक पिल्लू उचलून हातात घेतलं. "म्हंजी त्यानी येळेवर घेटली आसती तरी..." असं म्हणून त्या थांबल्या. डॉक्टरांनाही ते कुणाबद्दल आहे ते कळलं असावं. "तसं नाही मावशी, तो वेगळा, हा वेगळा," एवढंच त्या म्हणाल्या.

पिल्लं फार मेली नाहीत. दोन-अडीच आठवड्यांत घरघर थांबली. पिल्लं दाणे टिपायला लागली, पिसं फुटली, अंगानं भरली. पुण्याचं उत्तर आलं ते डॉक्टरांनी वाचून दाखवलं. जातच वेगळी निघाली होती. पण तोवर सगळं निभावलं होतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पाच महिन्यांनी त्या कोंबड्या इतक्या देखण्या झाल्या होत्या की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. तुरे लालभडक, पिसं चकाकणारी. शेडाच्या एका भिंतीला युवराजनं अंडी घालायची लाकडी खोकी बसवली, आत तूस पसरलं. कोंबड्या खोक्यांत जाऊन बसायला लागल्या. बसायच्या, अंग फुलवायच्या, तासाभरानं उठायच्या आणि अंडं घातल्यावर कोंबडी करते तसा कालवा करायच्या.

आत्या टोपली घेऊन गेल्या. पहिल्या खोक्यात हात घातला, तूस ऊन होतं. अंडं नव्हतं. दुसऱ्यात घातला. तेही ऊन, आणि रिकामं. साऱ्या भिंतीला मिळून टोपलीच्या तळाशी मावतील एवढीच अंडी निघाली. त्यातली कितीतरी फिक्या रंगाची, सुरकुतलेली, एखादी तर टरफलाविना, नुसत्या पातळ पिशवीसारखी.

"मुंगूस आसंल," आत्या म्हणाल्या.

युवराजनं जाळी तपासली. कुठंच भोक नव्हतं. मग सापाचा संशय आला. मग माणसाचा. वस्तीवर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, शेडावरून दृष्ट उतरवून टाका. आत्यांनी ते ऐकून घेतलं, केलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोतं टाकून शेडातच बसल्या. दुपारपर्यंत बसल्या. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवलं.

समोरच्या खोक्यात एक तांबडी कोंबडी बसली होती. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. थोड्या वेळानं ती ताठ झाली, एक कळ दिली, आणि मग सैल झाली. उठून वळली, चोचीनं तुसात काहीतरी सावरलं. मग खाली उडी मारून मोठ्यानं ओरडायला लागली. आत्यांनी लगेच उठून खोक्यात हात घातला. हात तसाच आत राहिला.

"ऊन हाय," त्या म्हणाल्या. "बग."

मी हात घातला. तुसात तिच्या पोटाची गोल खळगी उमटली होती. त्या खळगीत काहीही नव्हतं.

"कोन न्हेत न्हाय गं," आत्या म्हणाल्या. "कोनीच न्हेत न्हाय."

मला त्या भरदुपारी शेडात थांबवेना. चहूबाजूंनी कोंबड्या अंडं घातल्याचं ओरडून सांगत होत्या, आणि अंडं कुठंच नव्हतं.

सबिहा डॉक्टरांनी एक कोंबडी कापून उघडली. अंगणातच, पिंपाच्या झाकणावर. मला बघवत नव्हतं, पण आत्या वाकून उभ्या राहिल्या. आत पिवळे बलक होते, लहानमोठे, द्राक्षांच्या घडासारखे. एकदम निरोगी. पण त्यांच्या खालची नळी, जिथून अंडं तयार होऊन बाहेर येतं, ती वाढलेलीच नव्हती. तिच्या जागी पाण्यानं भरलेली एक पातळ पिशवी होती.

"लहानपणी जी सर्दी झाली ना, मावशी, ती इथंही उतरली होती," डॉक्टर म्हणाल्या. "पिल्लं दोन आठवड्यांच्या आत असली की असं होतं. बाहेरून काही कळत नाही. बलक तयार होतो, वेळ झाली की सुटतो, पण त्याला वाट नाही. पोटातच पडून जिरतो."

"आनी कोंबडीला?"

"तिला वाटतं, अंडं घातलं."

आत्यांनी पिशवीवरून बोट फिरवलं. मग हात धुतले आणि घरात गेल्या.

व्यापारी अशा कोंबड्या मांसासाठी नेतो. युवराजनं दुसऱ्याच दिवशी त्याला फोन लावला. आत्या म्हणाल्या, "थांब जरा." मग पुन्हा तेच. महिना गेला. खाद्य लागत होतं आणि अंडी येत नव्हती. युवराज चिडायचा. मी मध्ये पडायचे. आत्या मात्र रोज सकाळी टोपली घेऊन जायच्या, एकेक खोक्यात हात घालायच्या आणि तेवढीच चार-दोन वेडीवाकडी अंडी घेऊन यायच्या. काही कोंबड्यांची पोटं पाण्यानं जड झाली होती. त्या ताठ, उभ्याच चालायच्या, एखाद्या बाईनं घागर सांभाळत यावं तशा.

एकदा मी विचारलं, "आत्या, कशाला ठेवायच्या ह्या?"

त्या म्हणाल्या, "त्या आजारी न्हाईत. मेल्या बी न्हाईत. सगळं येवस्थित करत्यात. फकस्त त्यातनं काय निगत न्हाय. मी बी दोन-तीन वर्सं तशीच हुती की, तुमी ठिवलंच न्हवं मला."

 त्या रात्री मी हे युवराजला सांगितलं. व्यापाऱ्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. शेवटी फोन आत्यांनीच करायला लावला. ताठ चालणाऱ्या कोंबड्यांना चालताना धाप लागायला लागली होती, ते त्यांना बघवेना. गाडी आली तेव्हा त्या घरातच होत्या. रेडिओ मोठा लावला होता.

शेड धुतलं, चुना मारला, तूस जाळलं, आणि तसंच रिकामं ठेवलं. दोन महिने कुणी त्याचं नाव काढलं नाही. मग एका दुपारी सबिहा डॉक्टर आपणहून आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "मावशी, त्या नव्या जातीसाठीची लस मिळायला लागलीय. जुनी पहिल्या दिवशी, हॅचरीतच. ही दुसरी मागाहून, आपण द्यायची. दोन्ही मिळून दिल्या तर ज्या जातींसाठी त्या बनवलेल्या नाहीत, त्यांच्यावरही बरंच काम होतं."

"बरंच म्हंजी?"

"पूर्ण नाही. मी तुम्हाला पूर्ण सांगणार नाही."

"आनी फुडं आजून एक जात आली तर?"

"येऊ शकते."

आत्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता नको म्हणतील. त्यांनी विचारलं, "त्याच्यात बी रंग निळाच आसतो का?"

"निळाच," डॉक्टर म्हणाल्या.

नवी पिल्लं आली. ती दोन आठवड्यांची व्हायच्या आत आत्यांनी त्यांना दुसरी लस दिली.  एक-दोनदा थेंब गालावरून ओघळला तेव्हा त्यांनी पुन्हा टाकला. जिभा मात्र सगळ्यांच्या बघितल्या. जाताना डॉक्टरांनी स्कूटी चालू करून पुन्हा बंद केली आणि म्हणाल्या, "मावशी, आधीच सांगते. तीन-चार दिवसांनी शिंकतील. घरघरही येईल थोडी. ही जिवंत लस आहे, ती आपलं काम करत असते. घाबरायचं नाही. आठवड्यात थांबली नाही तर मला बोलवा."

घरघर आली, दिवेलागणीलाच. मी आणि युवराज शेडाच्या दाराशी उभे होतो. आत्या घरात असतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्या आल्या, दोघांच्या मधून वाट काढून आत गेल्या आणि तुसावर फतकल मारून बसल्या.

"आई, तू जा घरात. मी बसतो," युवराज म्हणाला.

"न्हाय. मागल्या बारीला गेले हुते. आता बसू दे."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बल्बखाली पिल्लं पसरली होती. शिंक आली की त्यांचं अख्खं अंग हलायचं. आवाज तोच होता, मलाही ओळखू येत होता. आत्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि प्रत्येक शिंकेला बोटं आवळत होती. खूप वेळानं त्या म्हणाल्या, "ह्यो जानारा हाय, म्हनली न्हवं डॉक्टर?"

"व्हय, आत्या."

"मग जाऊ दे."

असं चार-पाच संध्याकाळी चाललं. त्या बसायच्या आणि मी सोबत असायचे. एकदा मी उशिरा पोचले तर त्या एकट्याच बसलेल्या, डोळे मिटून. मला वाटलं झोप लागली. त्या म्हणाल्या, "कमी झालाय. कालच्यापरीस कमी हाय." मला काही फरक कळत नव्हता. दोन दिवसांनी कळला. मग एका संध्याकाळी आम्ही बसलो तेव्हा नुसता तुसात पाय खरवडल्याचा आवाज येत होता. त्या उठल्या, गुडघ्याला हात लावत, आणि चूल पेटवायला गेल्या.

त्या लॉटानं अंडी दिली, चांगली दिली. अजून देतोय. पण अंडी गोळा करायला आत्या जात नाहीत. पहिलं अंडं दिसलं तेव्हा मी त्यांना बोलावलं. त्या खोक्यापर्यंत आल्या, हात पुढं केला आणि तुसाला लागायच्या आधीच मागं घेतला. "तूच काड," म्हणाल्या. तेव्हापासून ते काम माझं झालं. मीही हात घालताना क्षणभर थबकते. हाताला ऊब लागली की आजही बोटं अंड्याला टेकेपर्यंत मी श्वास धरून असते.

लस द्यायला मात्र त्या आता दुसऱ्यांकडंही जातात. परवा पलीकडच्या गावातल्या इमामबीनं बोलावलं होतं. तिनं नवीनच पिल्लं आणलीत. मी सोबत गेले होते. इमामबी पिल्लं धरून देत होती, आत्या थेंब टाकत होत्या. निम्मी पिल्लं झाल्यावर इमामबी म्हणाली, "मावशी, एवढं केल्यावर आता यांना काय होत नाही ना?"

आत्यांनी हातातल्या पिल्लाची चोच उघडली, जीभ बघितली, पिल्लू खाली सोडलं.

"आसं मी सांगत न्हाय," त्या म्हणाल्या. "हे आपन करायचं. दिवेलागनीला शेडात यून गप बसायचं आनी ऐकायचं. काय वायलं वाटलं तर डॉक्टरला फोन करायचा. लांब पळायचं न्हाय."

"आन् लसीचा फायदा झाला का, ते कवा कळंल?"

"पाच म्हैन्यानी," आत्या म्हणाल्या, आणि पुढच्या पिल्लासाठी हात पुढं केला.